राइट बंधूंच्या विमानाची तीन आच्छादने

१/ जुन्या मॉडेल विमानाला नवे आवरण चढवण्याआधी जुनी प्लास्टिक फिल्म उतरवावी लागते. इस्त्रीने हलकी ऊब देऊन गोंद सैल करायचा आणि फिल्म मागे दुमडत सावकाश ओढायची. घाई केली, तर तिच्यासोबत बाल्सा लाकडाचे तंतूही निघून येतात. नेमका हाच प्रसंग जगातील सर्वात प्रसिद्ध विमानावर दोनदा आला. त्याची ही कथा.

२/ १७ डिसेंबर १९०३. नॉर्थ कॅरोलायनातील किटी हॉकजवळ राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे, शेवटचे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने उभे विमान उलथले आणि मोडले. ते पुन्हा कधीच उडाले नाही.

३/ त्याच्या पंखांवर 'प्राइड ऑफ द वेस्ट' नावाचे घट्ट विणीचे साधे सुती कापड होते. ते फासळ्यांवर चिकटवलेले नव्हते. कापडातच शिवलेल्या खिशांत फासळ्या सरकवलेल्या होत्या. शिवाय ते तिरके लावले होते, त्यामुळे त्याचे धागेच सांगाड्याला कर्णासारखा आधार देत. म्हणजे हे कापड केवळ आवरण नव्हते. ते रचनेचाच भाग होते.

४/ मोडलेले विमान खोक्यांत भरून डेटनला नेण्यात आले. १९१३ च्या महापुरात ती खोकी पाण्याखाली आणि चिखलात गेली. विमान डागडुजीनंतर प्रदर्शनात मांडले गेले ते १९१६ मध्ये.

५/ पुढे स्मिथसोनियन संस्थेशी वाद पेटला. उड्डाणक्षम असे पहिले विमान लँग्लीचे, असा तिचा दावा होता. संतापलेल्या ऑर्विलने आपले विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला देण्याचे ठरवले. त्यापूर्वी, १९२७ मध्ये, जुने कापड उतरवून त्याने नवे चढवले. विमान १९२८ मध्ये लंडनला गेले. संस्थेने १९४२ मध्ये आपली भूमिका मागे घेतली आणि १९४८ मध्ये विमान मायदेशी परतले. ते पाहायला ऑर्विल मात्र हयात नव्हता.

६/ १९८५ मध्ये संग्रहालयाने विमान सुटे करून स्वच्छ केले, १९२७ चे कापड उतरवले आणि तिसरे आच्छादन चढवले. म्हणजे आज वॉशिंग्टनमध्ये दिसणारे कापड किटी हॉकच्या वाऱ्यात कधी फडफडलेच नाही.

७/ मग ते विमान अस्सल म्हणायचे का? माझ्या मते, होय. पण 'अस्सल' या शब्दाचा अर्थ तपासून. सांगाडाही अपघात आणि महापुरानंतर दुरुस्त झालेला आहे. वस्तूचा इतिहास तिच्या पहिल्या दिवसापाशी थांबत नाही. तिच्यावर झालेली प्रत्येक दुरुस्ती हाही त्या इतिहासाचाच पुरावा असतो.

८/ अट एकच: उतरवलेले फेकून द्यायचे नाही. १९०३ च्या कापडाचे तुकडे जपले गेले, म्हणूनच १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगला त्यांतील एक चंद्रावर नेता आला. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखालीही त्याच कापडाचा इवलासा तुकडा बांधलेला होता.

९/ तेव्हा तुमच्या मॉडेलची फिल्म काढताना आधी छायाचित्रे घ्या, जोड कुठे होते ते टिपून ठेवा आणि एक तुकडा तारीख लिहून पाकिटात जपा. पुराभिलेखाची सुरुवात इतकी साधीही असू शकते.