लांडगा, कॅसेट आणि रिवाइंडचं बटण

माणसाचा लांडगा होताना पडद्यावर नेमकं काय दिसतं? १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये तसं फार काही नाही. लॉन चेनी ज्युनियरच्या पायांवर केस वाढतात, एक शॉट दुसऱ्यात विरघळतो, झालं!

ऑगस्ट १९८१ मध्ये जॉन लँडिसचा ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ आला. यॉर्कशायरच्या माळरानावर डेव्हिड आणि जॅक या दोन अमेरिकन तरुणांवर हल्ला होतो. जॅक मरतो, डेव्हिड वाचतो. पौर्णिमेच्या रात्री लख्ख उजेडाच्या खोलीत डेव्हिडचा हात लांबतो, पाठीचा कणा वर येतो, जबडा पुढे सरकतो. लपवाछपवी नाही. रिक बेकरने हे रबरी अवयव आणि आतल्या यंत्रणेच्या जोरावर केलं, आणि मेकअपसाठी नव्याने सुरू झालेलं पहिलं नियमित ऑस्कर त्यालाच मिळालं.

आता गंमत बघा. हे दोन्ही सिनेमे अमेरिकेत आणले युनिव्हर्सलने. त्याच कंपनीने १९७६ मध्ये सोनीच्या बीटामॅक्सविरुद्ध खटला भरला होता. घरी रेकॉर्डिंग करणं म्हणजे चोरी, असा दावा. ऑक्टोबर १९८१ मध्ये अपील न्यायालयाने युनिव्हर्सलची बाजू उचलून धरली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल फिरवला. टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला टेप करणं कायदेशीर ठरलं.

व्हीसीआरमुळे प्रेक्षकाच्या हातात थांबवायचं आणि मागे न्यायचं बटण आलं. थिएटरात एकदाच दिसणारा शॉट घरी दहा वेळा तपासता येऊ लागला. केस वाढण्याचा शॉट घ्या. शूटिंगला केस रबरी कातडीतून आत ओढले होते आणि फिल्म उलटी चालवली होती. म्हणजे चित्र चालू ठेवून कॅसेट मागे नेली, की सेटवर खरोखर जे घडलं तेच दिसतं!

मग युक्ती कळल्यावर भीती संपते का? माझ्या मते नाही, कारण खरी भीती लांडग्याची नाहीच. मेलेला जॅक पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी जास्त कुजलेला, आणि मित्राला गप्पा मारल्यासारखं सांगतो: तू जगलास तर अजून माणसं मरतील, तेव्हा तूच मर. शेवट जरा घाईत उरकलाय, हे खरं. पण जॅकच्या त्या मागणीला डेव्हिडकडे उत्तर नाही, आणि कॅसेट कितीही मागे नेली तरी ते सापडत नाही.