शिकार नाही, तिरंदाजी : जळगाव-धुळ्यातील नवशिक्यांसाठी माहिती

मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ येतात. जंगलात लपलेला माणूस, हातात भारी कमान, समोर हरीण. ते पाहून मुलं विचारतात, आपल्याकडे हे शिकता येतं का? तीर चालवणं शिकता येतं. शिकार करता येत नाही. हा फरक घरात आधीच स्पष्ट झालेला बरा.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त प्राणी मारणं नव्हे. जखमी करणं, पकडणं, फासे लावणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोजलं जातं. बंदूक असो, गलोल असो की तीर, फरक पडत नाही. ससा, तितर, रानडुक्कर हेही संरक्षित आहेत. "ससाच तर होता" हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही.

सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोर, काळवीट, चिंकारा, बिबट्या यांसारखे पहिल्या अनुसूचीतले प्राणी असतील, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. आपल्या भागात यावल आणि शिरपूरजवळचं अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. वापरलेली गाडी आणि हत्यारही सरकारजमा होऊ शकतं. पोरांनी गंमत म्हणून टाकलेली रील त्यांच्याच विरोधात पुरावा ठरते, हे घरातल्या मोठ्यांनी समजावून सांगावं.

शेतात रानडुकरं किंवा नीलगायी शिरत असतील तर नुकसानभरपाईसाठी वनक्षेत्रपाल कार्यालयात लगेच अर्ज करायचा. परवानगीशिवाय स्वतः कमान उचलायची नाही.

काहीजण म्हणतात, सातपुड्यातल्या आदिवासींना सूट आहे. तशी सूट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे बरेच हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. भिल्ल आणि पावरा समाजाचा तीरकामठा मात्र आजही पाहण्यासारखा आहे. बांबूची कमान, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. इंग्रजांनी १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, धरणगाव तिचं ठाणं होतं.

दीनचा प्रश्नही विचारला जातो. शरीअतच्या अटींत शिकार जायज आहे, पण जायज गोष्ट केलीच पाहिजे असं नसतं, आणि देशाचा कायदा मोडायला ती सबब होत नाही. उलट तिरंदाजी शिकण्याला हदीसमध्ये प्रोत्साहन आहे, आणि जिवंत जनावराला बांधून निशाणा बनवायला सक्त मनाई आहे.

कोणती कमान घ्यायची

स्पर्धेत तीन प्रकार दिसतात. इंडियन राऊंड म्हणजे बांबूची साधी कमान. रिकर्व्ह ही ऑलिंपिकची कमान, निशाणा ७० मीटरवर. कंपाऊंडला चाकं आणि तारा असतात, निशाणा ५० मीटरवर. स्पर्धेचा कंपाऊंड संच लाखाच्या पुढे जातो. बांबूची कमान काही हजारांत येते. सुरुवात बांबूनेच करावी असं माझं मत आहे. मुलाची आवड सहा महिन्यांत टिकते की नाही ते कळतं, मग खर्चाचं बघू.

कमानीचा जोर पौंडात मोजतात. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला १४ ते १८ पौंड, मोठ्या नवशिक्याला २० ते २४ पौंड पुरे. जड कमान घेतली की खांदा वर चढतो, हात थरथरतो, आणि लागलेली चुकीची सवय पुढे सुटता सुटत नाही. बहुतेक पोरं इथेच हट्ट करतात, आईवडिलांनी ऐकू नये.

त्याआधी डोळा तपासा. दोन्ही तळहात जोडून मधे छोटी फट ठेवा, हात लांब करा आणि त्या फटीतून दूरचा खांब पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. तो उजवा असेल तर कमान डाव्या हातात धरायची आणि दोरी उजव्याने ओढायची.

हाताला आर्मगार्ड, बोटांना टॅब आणि छातीला चेस्टगार्ड हवंच. मुली पूर्ण बाह्या आणि हिजाब घालून आरामात खेळू शकतात. फक्त ओढणी मोकळी नको, दोरी तिच्यात अडकते. इराणची झहरा नेमाती हिजाब घालूनच पॅरालिंपिकची सुवर्णविजेती झाली आणि २०१६ ला रिओत ऑलिंपिक व पॅरालिंपिक दोन्ही खेळली.

मैदानावर

पहिले काही दिवस पाच-सात मीटरवरूनच, तेही रंगीत कागद न लावता. नजर गुणांवर नको, उभं राहण्यावर आणि दोरी सोडण्यावर हवी. निशाण्यामागे भिंत किंवा मातीचा उंच बांध पाहिजे. २० पौंडांची कमानसुद्धा तीर शंभर मीटरच्या पुढे फेकते, म्हणून गच्चीवर किंवा गल्लीत सराव अजिबात नाही. तीर न लावता दोरी ओढून सोडू नये, कमानीची पाती तडकतात. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे तीर सोडा, तीन म्हणजे तीर आणायला जा. तिसरी शिट्टी होईपर्यंत कुणीही रेषेपुढे जायचं नाही.

कुठे शिकायचं

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन प्रशिक्षक आणि मैदानाची चौकशी करा. तिरंदाजी शालेय क्रीडा स्पर्धांत आहे, गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. जिल्ह्यातून निवड झाली की पुढे नाशिक विभाग आणि मग राज्य. नोंदणी शाळेमार्फतच होते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच क्रीडाशिक्षकांना भेटा. उर्दू शाळांनाही हाच नियम आहे, पण पालक विचारत नाहीत म्हणून नावं जात नाहीत. पुढच्या पातळीवर खेळल्यास दहावी-बारावीला क्रीडागुण मिळू शकतात, त्याचा नियमही तिथेच विचारावा.

ही मोठ्या शहरांची मिरासदारी नाही. शेजारच्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर २०२३ ला शांघाय विश्वचषकात कंपाऊंडचं सुवर्ण जिंकला. त्याच वर्षी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. फलटणजवळच्या सरडे गावचा, मजुराचा मुलगा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. त्याला आधी हेरलं ते जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाने.

एक काळजी घ्या. सणासुदीला किंवा तणावाच्या वेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत कमान घरीच ठेवा. एरवीही दोरी उतरवून, पिशवीत बंद करून न्या, आणि सोबत शाळेचं किंवा क्लबचं पत्र ठेवा.