चिंधी बांधलेलं वांगं

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, आळे-बेल्ह्याच्या पट्ट्यात आमचं गाव. नाणेघाटाकडं पाऊस धो धो कोसळतो, आमच्याकडं येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. माझ्या लहानपणी शेती म्हणजे बाजरी, मटकी, हुलगे आणि विहिरीच्या कडेला मोटेच्या पाण्यावर दोन गुंठे माळवं. त्या माळव्याचं बी आम्ही कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. ते आजीकडं असायचं.

माजघराच्या आढ्याला वाळके भोपळे टांगलेले असत. एकात दोडक्याचं बी, एकात गवारीचं, एकात वांग्याचं. तोंडं शेणानं बंद केलेली. ते भोपळे आजीशिवाय कुणी उतरवायचे नाहीत. आबा, म्हणजे माझे वडील, घरचे कर्ते, पण बियाण्याचं विचारायचं तर आजीलाच.

वांगं आमचं घरचंच म्हणायचं. बुटकं, गोल, जांभळ्यावर पांढरे चट्टे, देठाला मरणाचे काटे. पहिल्या तोड्याची फळं आजी खायला द्यायची. दुसऱ्या-तिसऱ्या बहाराला ती वाफ्यातून हिंडायची आणि मधल्या एखाद्या निरोगी झाडाचं फळ निवडून त्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्या फळाला हात लावायचा नाही. ते झाडावरच पिवळं पडेपर्यंत राहायचं. मग ती ते फोडून पाण्यात कुस्करायची. वर तरंगलेलं बी फेकून द्यायचं, तळाला बसलेलं घ्यायचं. ते राखेत कालवून भिंतीला थापायचं, सावलीत खडखडीत वाळू द्यायचं आणि मग भोपळ्यात भरायचं.

रोहिणी लागायच्या आधी ती वाफ्याची जागा भाजायची. पालापाचोळा, काटक्या, वाळलं शेण पसरून पेटवून द्यायची. भाजलेल्या मातीत तण कमी आणि कीडही कमी. मग चाळलेलं जुनं शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा करायची, म्हणजे पाणी साचत नाही. बोटानं रेघा ओढायच्या, नखाएवढं खोल बी टाकायचं, वरून गवताचं पातळ पांघरूण घालायचं. भोकं पाडलेल्या डब्यानं सकाळी पाणी शिंपायचं. कोंब डोकावले की त्याच संध्याकाळी गवत काढायचं. उशीर झाला तर रोपं उजेड शोधत लांबतात आणि लुळी पडतात.

1971 साली मी नऊ वर्षांचा होतो. त्या साली रोपं उगवल्यावर आजी चार दिवस लेकीकडं गेली आणि पाण्याचं काम माझ्यावर सोपवलं. "सकाळी घाल. माती ओली दिसली तर घालूच नको," एवढंच सांगून गेली. मला रोपांची फार काळजी वाटली. मी सकाळी घातलं, शाळेतून आल्यावर घातलं, निजायच्या आधीही घातलं. तिसऱ्या दिवशी उठून बघतो तर अर्धा वाफा आडवा. रोपांच्या माना मातीलगत दोऱ्यासारख्या बारीक झाल्या होत्या, पानं मात्र हिरवीगार. आजी आली, तिनं एक रोप उपटून बघितलं. म्हणाली, "बाळा, ही तहानेनं न्हाई मेली. तुझ्या मायेनं मेली." उरलेल्या जागेत तिनं राख टाकली आणि दोन दिवस पाणी तोडलं. काही रोपं वाचली. पुढं मी शेतीचंच शिक्षण घेतलं तेव्हा कळलं, याला रोपांची कोलमड म्हणतात. ओलसर, दाट, हवा न खेळणाऱ्या वाफ्यात पिथियमसारख्या बुरश्या कोवळ्या रोपांची मान धरतात. आजीला बुरशीचं नाव ठाऊक नव्हतं, पण आवर कुठं घालायचा ते ठाऊक होतं. लावणीच्या आधी आठवडाभर ती रोपांचं पाणी आणखी कमी करायची. त्यानं रोप काटक होतं आणि शेतात गेल्यावर ऊन सोसतं.

त्या साली आमच्याकडं पाऊस कमीच झाला होता, वांग्याचं बी फारसं धरलं नाही. भोपळ्यात जुनं बी थोडं उरलं होतं. आणि मग 1972 उजाडलं. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. विहिरीनं तळ दाखवला. आबा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. आम्ही पोरं सुकडी खायचो, घरात लाल मिलोच्या भाकऱ्या व्हायच्या. माळव्याचं नाव काढायची सोय नव्हती.

आजीनं मात्र फुटक्या टोपलीत माती भरून वांग्याचं बी टाकलं. आबा वैतागले, "आये, माणसांना प्यायला न्हाई अन् तू रोपं कसली करतीस?" आजी म्हणाली, "बी म्हातारं झालंय. औंदा न्हाई उगवलं तर पुढच्या साली उगवायचं न्हाई." भांडी विसळलेलं पाणी ती टोपलीला ओंजळीनं द्यायची. पाच रोपं तगली. ती तिनं न्हाणीच्या मोरीपाशी लावली. तिथं आंघोळीचं पाणी यायचं, तेही चार-आठ दिवसांतून एकदा.

दोन झाडं वाळली, तीन राहिली. थंडीत त्यांना मोजकी फळं आली. दोन फळांना आजीनं चिंधी बांधली, बाकीची आईनं कालवणाला घेतली. किती महिन्यांनी घरात वांग्याचा वास आला होता! दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. भूक लागली होती आणि कालची चव तोंडात होती. मी चिंधीचं एक वांगं तोडलं, चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलं आणि मीठ लावून खाल्लं. चिंधी चुलीत टाकली.

आजीला कळायला वेळ लागला नाही. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. ती मला काहीच बोलली नाही. रात्री तिनं आपली वाकळ उचलली आणि मोरीच्या भिंतीपाशी, त्या उरलेल्या फळाशेजारी अंथरली. ते पिवळं होईपर्यंत, त्या थंडीत, ती तिथंच निजली.

1973 साली पाऊस झाला. त्या एका फळाच्या बियांतून आमचा वाफा पुन्हा भरला. आजीनं चार घरांना रोपं वाटली.

ते बी गेलं ते नंतर, आमचं बरं चाललं असताना. कुकडीच्या धरणांचं पाणी कालव्यानं आमच्या भागात आलं, विहिरींवर मोटारी बसल्या. नारायणगावला टोमॅटोचा बाजार वाढत गेला. 1988 च्या बियाणे धोरणानं परदेशी भाजीपाल्याच्या बियाण्याला वाट मोकळी झाली आणि दुकानांतून संकरित बियाण्याची रंगीत पाकिटं दिसायला लागली. आबांनी टोमॅटो केला, त्याच्या शेजारी संकरित वांगी केली. मी आबांना दोष देत नाही. पत्र्याचं घर जाऊन स्लॅबचं आलं ते त्या पैशातून, बहिणीचं लग्न झालं तेही त्यातूनच.

आजीची वांगी त्याच बांधाला होती. आजी थकली होती, तरी चिंधी बांधायचीच. पुढच्या साली त्या बियांतून निघाली ती झाडं भलतीच. एकाला लांब फळ, एकाला नुसतं जांभळं, एकाच्या देठाला काटाच नाही. आजी म्हणाली, "बी बाटलं." झालं होतं ते असं: वांग्याच्या फुलांवर मधमाश्या आणि भुंगे फिरतात, या जातीचा पराग त्या जातीला लागतो. बियाण्याला वांगं राखायचं तर दुसऱ्या जातीपासून शे-दोनशे मीटर दूर ठेवावं लागतं. हे मी पुस्तकात शिकलो होतो. सुट्टीला घरी आलो की त्याच बांधावरून हिंडत होतो. पण आबांना सांगायचं माझ्या ध्यानात आलं नाही. भोपळ्यातलं मागचं बी टाकून बघितलं, तर ते उगवलं नाही. पुढच्या वर्षी आजी गेली.

आज माझा पुतण्या शेडनेटमध्ये रोपं करतो. 98 कप्प्यांचे ट्रे, त्यात कोकोपीट, एका कप्प्यात एक बी. टोमॅटोचं रोप 25-30 दिवसांत तयार होतं. मुळं कप्प्यातून गड्ड्यासकट निघतात, लावताना तुटत नाहीत. वाफ्यापेक्षा कोलमड कमी आणि बीही कमी लागतं. तोही सकाळीच पाणी देतो आणि रोपं बाहेर काढण्याआधी पाणी ताणतो. आजीची एवढी गोष्ट टिकली. बी मात्र पाकिटातलं असतं. त्याचं फळ राखून बी धरलं, तर पुढच्या पिढीत तशीच झाडं येत नाहीत. म्हणून दरसाल पाकीट आलंच.

2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, बिनाब्रँडचं विकायचाही हक्क दिला आहे. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जमवून राखलं, त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. ती बातमी वाचली त्या दिवशी मला आजीची मोरीपाशी अंथरलेली वाकळ आठवली.

आजीचं माहेर अकोल्याकडचंच. गेल्या साली मी तिथं गेलो. तिच्या भावकीत एका घरी परसात वांगी होती. बुटकी, गोल, देठाला काटे. चट्टे मात्र आमच्यासारखे नव्हते, हिरवट होते. हे आजीचं वांगं नव्हे, हे मला बघताक्षणीच कळलं. तरी मी मूठभर बी मागून आणलं. अर्धं पुतण्याच्या ट्रेमध्ये टाकलं, अर्धं भाजलेल्या वाफ्यात. दोन्हीकडं उगवलं.

आता झाडांना फळं आहेत. काल एकाच्या देठाला मी धोतराची चिंधी बांधली. पुतण्या बघत होता. पलीकडच्या तुकड्यात त्याला यंदा संकरित वांगी लावायची होती. म्हणाला, "तात्या, तिकडं टोमॅटोच लावतो मग."