मोडीचे दप्तर आणि इंग्रजीची शाळा

हाती असलेली विद्या एकाएकी निरुपयोगी ठरेल, ही धास्ती संगणकाबरोबर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेबरोबर जन्मास आली, असा आपला समज असतो. हिंदुस्थानच्या प्रशासनाचा इतिहास वेगळे सांगतो. 1837 च्या 29व्या कायद्याने न्यायालयीन व महसुली कामकाजातून फारसी दूर करण्याचा मार्ग कंपनी सरकारने मोकळा केला. 1844 साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचा ठराव केला. पिढ्यान्‌पिढ्या मुनशीगिरीवर जगलेल्या घराण्यांच्या पायाखालची वाळू सात-आठ वर्षांत सरकली.

दक्षिणेत हाच प्रश्न मराठी माणसांपुढे उभा राहिला. 17व्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरात मराठी राज्य आले आणि मोडी लिहिणारे कारकूनही आले. 1799 मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला, 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि उरलेसुरले राज्यही गेले. कंपनीच्या अमलातही काही काळ तमिळ मुलखातील महसुली हिशेब पुष्कळ ठिकाणी मराठीत ठेवले जात, त्यामुळे या कारकुनांची भाकरी टिकून होती. पुढे इंग्रजी व स्थानिक भाषांनी तीही जागा घेतली. राजा गेला, लिपी गेली आणि स्वगृही परतावे तर ते गृह दोन शतकांपूर्वीच सुटलेले!

अशाच एका घराण्यात 1828 साली कुंभकोणम येथे टी. माधवराव जन्मले. त्यांचे वडील रंगराव व चुलते वेंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. वडिलार्जित प्रतिष्ठेवर विसंबून राहणे सोपे होते. माधवराव मात्र मद्रासच्या हायस्कुलात ई. बी. पॉवेल यांच्या हाताखाली नवी विद्या शिकले. त्यांनी मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी केली, 1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, तेथेच महसूल खात्यात शिरले आणि 1858 मध्ये दिवाण झाले. संस्थान तेव्हा कर्जात होते. त्यांनी व्यापारी मक्ते मोडले, कर्ज फेडले आणि कारभारास शिस्त लावली.

1872 मध्ये ते पद सुटले. चौदा वर्षांच्या दिवाणगिरीनंतर अनेकांनी निवृत्ती पत्करली असती. माधवराव 1873 मध्ये होळकरांच्या इंदुरास गेले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर 1875 मध्ये बडोद्यास आले आणि अल्पवयीन सयाजीरावांच्या काळात 1882 पर्यंत त्यांनी तो विस्कटलेला कारभार सावरला. वरिष्ठ सरकारशी इंग्रजीत, दरबाराशी मराठीत आणि भोवती गुजराती प्रजा, असा तो मुलूख. घरात जपलेली तंजावरी मराठी येथे पुन्हा उपयोगी पडली. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोरील ज्या चौकाला लोक आजही ‘स्टॅच्यू’ म्हणतात, तो पुतळा याच माधवरावांचा.

या इतिहासातून काय घ्यावे? कारकुनाची खरी विद्या मोडीच्या वळणात नव्हती. ती हिशेबाच्या चोखपणात, जमिनीच्या जाणकारीत आणि माणसाच्या पारखीत होती. वळण बदलले तरी ती नव्या लिपीत नेता येत होती. मात्र त्यासाठी मानकऱ्याच्या घरातील मुलाने पुन्हा पहिल्या बाकावर बसण्याची तयारी लागते. मनाचा कणखरपणा म्हणतात तो हाच. तो छाती पुढे काढून मिरवता येत नाही. नवशिका म्हणवून घेण्याची लाज गिळावी लागते.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे. माधवरावांना अक्षरओळख वारशाने मिळाली होती आणि मद्रासला जाऊन शिकण्याची ऐपत घरी होती. त्याच काळात मँचेस्टरच्या कापडाने ज्या विणकरांचे माग बंद पाडले, त्यांच्या मनात कणखरपणा कमी नव्हता; त्यांच्यासाठी शाळाच नव्हती. म्हणून बेकार झालेल्यास केवळ ‘बदल, शीक’ असा उपदेश करून शासनाची जबाबदारी संपत नाही. शिकण्याची तयारी माणसाने ठेवावी, शाळेचे दार राज्याने उघडे ठेवावे.

घरापासून दूर, परक्या भाषांच्या गावी पोट भरणाऱ्या आपणा मराठी वाचकांना हे कारकून परके वाटू नयेत. त्यांनी दप्तर बदलले, भाषा शिकली आणि मायबोली घरात राखली.