हा अजगर जेवत का नाही?

मी दिवसभर पायथॉनमध्ये कोड लिहितो. त्यामुळे "या वेळचा एपिसोड पायथॉनवर" म्हटल्यावर मित्रांना भलतंच वाटलं. (त्या भाषेचं नाव सापावरून नाही, 'माँटी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून आलंय बरं का!) आजचा पायथॉन मात्र खराखुरा, रॉयल पायथॉन. पाळीव सापांमध्ये प्रचंड लोकप्रिय, आणि जेवणाच्या नखऱ्यांसाठी तितकाच बदनाम. महिनोन्‌महिने उपाशी राहतो आणि पाळणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवतो.

पण हा खरंच नखरा आहे का? त्यासाठी पश्चिम आफ्रिकेत जाऊ.

हा तिथला साप. घाना, टोगो, बेनिन हा त्याचा मुख्य पट्टा. जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पण स्थानिक लोक त्याला कितीतरी आधीपासून मानत होते. बेनिनमधल्या उइदा गावात आजही अजगरांचं मंदिर आहे, थेट ख्रिस्ती बॅसिलिकाच्या समोर. तिथले अजगर रात्री बाहेर सोडले जातात आणि आपलं भक्ष्य आपण शोधतात. एखादा कुणाच्या घरात शिरलाच, तर लोक त्याला सांभाळून परत आणून सोडतात.

मग आला व्यापार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे साप हजारोंनी अमेरिका-युरोपला जाऊ लागले. सुरुवातीला बरेचसे थेट जंगलातून पकडलेले. आता त्या सापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आयुष्य गेलं उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत. मग पिशवी, विमान, अंगात परजीवी, आणि शेवटी काचेची पेटी. समोर येतो पांढरा उंदीर, जो त्याने जन्मात पाहिलेला नाही! त्याने तोंड फिरवलं आणि 'हट्टी' हा शिक्का बसला.

१९९२ मध्ये अमेरिकेत बंदिवासात पहिल्यांदा अल्बिनो पिल्लं जन्मली आणि पैदाशीची लाट आली. नवनवीन रंगांना मोठ्या किमती मिळू लागल्या. पेटीत जन्मलेली पिल्लं तुलनेने नीट खातात. तरी उपास सुटले नाहीत, कारण उपास त्यांच्या रक्तातच आहे. मादी अंड्यांना वेटोळं घालून साधारण दोन महिने बसते, तेव्हा सहसा खात नाही. विणीच्या काळात नरही बरेचदा अन्नाला शिवत नाहीत. कात टाकण्याआधीही तेच. शिवाय नायजेरियातल्या एका अभ्यासात दिसलं, की ७० सेंटिमीटरहून लहान साप मुख्यतः पक्षी खात होते आणि मीटरभराहून मोठे मुख्यतः उंदरांसारखे सस्तन प्राणी. म्हणजे आवडनिवड जंगलातही असतेच.

मग पाळणारे काय शिकले? आधी घर तपासायचं, मग ताट. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी थंड, आणि दोन्हीकडे अंग घट्ट टेकेल अशी अंधारी लपायची जागा. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, रात्री चिमट्याने समोर धरायचा. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, थंड उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नाही. नाही घेतला, तर उचलायचा आणि आठवडा-दोन आठवडे सापाला अजिबात त्रास द्यायचा नाही. रोज ताट पुढे करणं म्हणजे रोज घाबरवणं. मात्र दर आठवड्याला वजन करायचं. ते सतत घटत असेल किंवा तोंडात सूज, फेस दिसला, तर सरळ पशुवैद्य. जबरदस्तीने भरवणं हा घरगुती उपाय नाही.

आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट: भारतीय अजगर पाळणं हा गुन्हाच आहे. रॉयल पायथॉन परदेशी असला, तरी २०२४ च्या नियमांनुसार त्याची सरकारी नोंदणी लागते.

उइदात अजगराला कुणी भरवत नाही, म्हणून तिथे 'नखरेल अजगर' हा प्रश्नच नाही. तो प्रश्न आपण पेटीबरोबर तयार केला. त्यामुळे साप जेवत नसेल तेव्हा "याला काय झालंय?" याआधी "मी याला कुठे ठेवलंय?" हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!