दहावीनंतरचे अंतर

शिक्षणसंस्थांच्या इतिहासात फीचा हिशेब सापडतो, इमारत निधीचा सापडतो, देणगीदारांची नावे तर संगमरवरावर कोरलेली असतात. विद्यार्थी घरून वर्गापर्यंत कसा आला आणि त्या येण्याजाण्याचा खर्च कोणी सोसला, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. लहान वर्गांच्या बाबतीत ती ठेवण्याचे कारणही पडत नाही, कारण शाळा हाकेच्या अंतरावर असते. दहावी झाली की मात्र अंतर एकाएकी वाढते, आणि फी माफ असलेल्या घरातही रोजच्या भाड्याचा प्रश्न उभा राहतो. मरोद्याच्या परिसरात या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

मरोदा हे आज एकाच वेळी गावाचे, जलाशयाचे, भिलाई वसाहतीतील सेक्टरचे आणि रेल्वे स्थानकाचे नाव आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, आणि विदर्भ तर लोहमार्गाने अगदी जवळचा. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज भिलाईला आणण्यासाठी जो लोहमार्ग झाला, त्याच मार्गावर मरोदा स्थानक आहे. खनिजासाठी आखलेल्या रुळांवरून पुढे विद्यार्थीही जाऊ लागले, ही या कथेतील एक सुखद गोष्ट म्हणावी लागेल.

कारखान्यापूर्वीचे दुर्ग हा मध्य प्रांत व वऱ्हाडाचा एक जिल्हा होता आणि राजधानी होती नागपूर. तेथे १८८३ मध्ये हिस्लॉप व १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय सुरू झाले. १९२३ मध्ये विद्यापीठही स्थापन झाले. दुर्गच्या मराठी घरातील मुलाने मॅट्रिकनंतर शिकायचे म्हणजे सुमारे २६५ किलोमीटरवरच्या या शहरी जाऊन राहायचे. रोजच्या प्रवासाचा प्रश्नच नव्हता. नातेवाइकांचे घर, नाहीतर वार लावून जेवणे, हे त्या काळचे मार्ग. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आधार दिला, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून वसतिगृह हाच शिक्षणप्रसाराचा पाया मानला. या थोर कार्याकडे जातिभेद निवारणाच्या दृष्टीने नेहमी पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रवासखर्चाच्या दृष्टीनेही पाहावयास हवे. खेड्यातल्या मुलाचे भाडे भरणे शक्य नव्हते, तेव्हा या मंडळींनी त्याचा प्रवासच संपवून टाकला. ही सोय बव्हंशी मुलग्यांची होती, हेही नमूद केले पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलीला परगावी ठेवण्यास त्या काळी फार थोडी घरे तयार होती.

पुढे अंतर टप्प्याटप्प्याने घटत गेले. १९३८ मध्ये रायपूरला छत्तीसगड महाविद्यालय निघाले, दुर्गपासून ३७ किलोमीटरवर. १९५८ मध्ये खुद्द दुर्गला शासकीय महाविद्यालय आले. स्वातंत्र्यसैनिक विश्वनाथ यादव तामस्कर यांचे नाव आज ते धारण करते. दुर्गचे शासकीय कन्या महाविद्यालय डॉ. वा. वा. पाटणकर यांच्या नावाने ओळखले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत दुर्ग मध्य प्रदेशात राहिले आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. १ नोव्हेंबर २००० पासून तर राज्यच वेगळे झाले. ही दोन मराठी आडनावे मात्र कमानींवर राहिली. मरोद्याच्या मुलीसाठी यात अधिक महत्त्वाचे असे की महाविद्यालय आता सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात आले. वसतिगृहाची जागा पासाने घेतली.

हा पास रेल्वेचा. पंचवीस वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला सीझन तिकीट निम्म्या दरात मिळते. त्याहून मोठी सवलत म्हणजे घर ते विद्यालय या प्रवासाचा दुसऱ्या वर्गाचा मोफत मासिक पास. तो आधी मुलींना बारावीपर्यंत आणि मुलग्यांना दहावीपर्यंत होता. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी तो मुलींसाठी पदवीपर्यंत आणि मुलग्यांसाठी बारावीपर्यंत वाढविला. या सवलतींसाठी विद्यालयाच्या प्रमुखाची सही व शिक्का असलेला दाखला लागतो, म्हणजे सवलत दिल्लीत ठरली तरी तिची किल्ली शाळेच्या कचेरीत असते. विद्यार्थ्याला या सवलतीची माहिती देणारे कोणी भेटले नाही, तर ती कागदावरच राहते. शिवाय पास कितीही मोफत असला, तरी गाडी वर्गाच्या वेळेला धरून असेल तरच त्याचा उपयोग, आणि स्थानकापासून वर्गापर्यंतची वाट ज्याची त्याने चालायची.

सीमेपलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्यातील मुलींचे चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रात एस.टी.च्या अहिल्याबाई होळकर योजनेखाली पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास मिळतो, इतर विद्यार्थ्यांना पासाच्या भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे. २०११-१२ पासून मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ अविकसित तालुक्यांत प्रत्येकी पाच बसगाड्या केवळ मुलींच्या शाळेच्या वेळा डोळ्यांपुढे ठेवून दिल्या गेल्या. छत्तीसगडात एस.टी.सारखे महामंडळ नाही. गावोगावची बसवाहतूक खासगी हातांत आहे. महामंडळच नसेल तर त्याच्या पासाचा विषयच निघत नाही. म्हणून येथे शासनाने दुसरे चाक शोधले.

तमिळनाडूने २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या अकरावी-बारावीतील मुलींना सायकली देण्यास आरंभ केला होता. छत्तीसगडची सरस्वती सायकल योजना २००४-०५ ची. नववीत प्रवेश घेणाऱ्या अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलींसाठी. २००६ मध्ये बिहारनेही हेच केले आणि त्याचा कसून अभ्यास झाला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखविले की माध्यमिक शाळेतील मुलींचा प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढला, मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. हा लाभ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांना झाला, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलींना घरी थांबवीत होते ते अंतर, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. ‘मुलींना शिकायचेच नसते’ हे एके काळी सर्रास ऐकू येणारे विधान त्यापुढे टिकत नाही.

एवढे सगळे असूनही हे साहाय्य आडवाटेनेच आलेले आहे: रेल्वेकडून, एस.टी.कडून, एखाद्या राज्याच्या योजनेतून. शिक्षणाच्या कायद्यात त्याला स्थान नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा सहा ते चौदा वर्षे. त्याच्या आदर्श नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने माध्यमिक शाळेसाठी पाच आणि उच्च माध्यमिकसाठी सात ते दहा किलोमीटरचे उद्दिष्ट ठेवले. मूल मोठे होते तसे अंतर वाढते, आणि हक्क मात्र चौदाव्या वर्षी संपतो. संपन्न देशांतही हा गुंता सुटलेला नाही. इंग्लंडने २०१५ पासून अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण वा प्रशिक्षण बंधनकारक केले, पण मोफत प्रवासाचे कायदेशीर दायित्व सोळापाशीच थांबले. गरजू मुलांना आठवड्याला ३० पौंडांपर्यंत मिळणारा निर्वाहभत्ता तर तेथे २०११ मध्येच बंद झाला होता.

मार्च २०२० मध्ये भारतीय रेल्वेने बहुतेक सवलती स्थगित केल्या, त्यातून दिव्यांग, रुग्ण व विद्यार्थी यांना वगळले. दोनच दिवसांनी प्रवासी गाड्याच थांबल्या. पुढच्या वर्षी समग्र शिक्षा योजनेतील प्रवास-साहाय्य माध्यमिक टप्प्यापर्यंत वाढविले गेले, विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल ६,००० रुपये. अकरावी-बारावीची मुलगी मात्र अजूनही नववीत मिळालेल्या सायकलीवरच पॅडल मारते आहे, आणि तोपर्यंत त्या सायकलीचे टायर, ट्यूब आणि चेन घरच्याच पैशांनी एकदा तरी बदललेली असतात.