दात, पाणी आणि ठिपके : सहसंबंधाची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर (पांढरकवडा), झरी जामणी, वणी या पट्ट्यातील काही गावांत बोअरच्या आणि हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. या गावांतून येणारे रुग्ण साधारण दोन प्रश्न विचारतात. "डॉक्टर, मुलाच्या दातांवर हे पिवळे-तपकिरी डाग पाण्यामुळेच पडले का?" आणि "माझे गुडघे दुखतात, तेही पाण्यामुळेच का?"

दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. ती का वेगळी, हे समजण्यासाठी सहसंबंध म्हणजे काय हे माहीत असावे लागते. पाणी आणि दात यांचे नाते ज्या पद्धतीने उलगडले, त्यात या विषयाचे जवळजवळ सगळे धडे आहेत. म्हणून आज तोच इतिहास पाहू.

कोलोरॅडोचे डागाळलेले दात

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात दवाखाना थाटायला आला. तिथल्या बऱ्याच लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. कोणी म्हणे डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने, कोणी म्हणे दूध खराब म्हणून. १९०९ मध्ये जी. व्ही. ब्लॅक हे नामांकित दंततज्ज्ञ मॅकेच्या मदतीला आले. तपासणीत दिसले, की त्या गावात जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग आहेत. पण पक्के दात आल्यानंतर, मोठेपणी गावात राहायला आलेल्यांना डाग पडत नाहीत. म्हणजे जे काही घडते ते दात हिरडीखाली तयार होत असतानाच घडते. आणखी एक गोष्ट दोघांना चकित करून गेली. या डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागत होती.

मॅकेचा संशय पाण्यावर होता. आयडाहो राज्यातील ओकली या गावात नव्या झऱ्याचे पाणी नळाने आणल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले होते. मॅकेच्या सल्ल्यावरून १९२५ मध्ये गावाने तो झरा सोडून दुसरा घेतला. काही वर्षांत नव्याने येणारे पक्के दात स्वच्छ येऊ लागले. तरीही पाण्यात नेमके काय आहे, ते कोणालाच सापडत नव्हते. शेवटी १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतील रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्याची बारकाईने तपासणी केली आणि उत्तर मिळाले : फ्लोराइड.

ठिपक्यांचा आलेख कुठून आला?

दोन गोष्टींचे नाते मोजण्याचे साधन तोवर तयार झालेले होते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ सज्ञान मुले यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. कागदावर एका बाजूने आईवडिलांची उंची आणि दुसऱ्या बाजूने मुलांची उंची घ्यायची, आणि प्रत्येक जोडी जिथे बसते तिथे तिची नोंद करायची. हीच कल्पना आज आपण स्कॅटर प्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, म्हणून वापरतो. एक ठिपका म्हणजे एका व्यक्तीबद्दलचे (किंवा एका गावाबद्दलचे) दोन आकडे.

ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले, तर एक वाढले की दुसरेही वाढते : हा धन सहसंबंध. उतरत गेले, तर एक वाढले की दुसरे घटते : हा ऋण सहसंबंध. मूठभर ज्वारी अंगणात फेकल्यासारखे कुठेही विखुरले, तर त्या दोन गोष्टींचा सरळ संबंध दिसत नाही, असे समजायचे.

१८८८ मध्ये गाल्टन यांनी या नात्याला सहसंबंध हे नाव दिले आणि १८९६ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी तो मोजण्याचे सूत्र मांडले. उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या मध्ये येते. सगळे ठिपके एका सरळ रेषेवर असतील तर १ किंवा उणे १, आणि सरळ रेषेतला काहीच संबंध नसेल तर शून्य. पिअर्सन यांनी पुढे १,०७८ वडील-मुलांच्या जोड्यांची उंची मोजली, तेव्हा उत्तर सुमारे ०.५ आले. म्हणजे उंच बापाचा मुलगा बहुधा उंच, पण नक्कीच उंच असे नाही. आरोग्यातील बहुतेक सहसंबंध असेच, मधलेच असतात.

एकवीस शहरे, एकवीस ठिपके

आता पुन्हा दातांकडे येऊ. फ्लोराइड सापडल्यावर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. एच. ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे पाणी आणि मुलांचे दात तपासायला घेतले. १९४२ मध्ये त्यांनी २१ शहरांतील १२ ते १४ वर्षांच्या ७,२५७ मुलांची माहिती मांडली. आडव्या रेषेवर पाण्यातील फ्लोराइड, उभ्या रेषेवर दर १०० मुलांमागे किडलेले दात, आणि प्रत्येक शहराचा एक ठिपका.

चित्र बोलके होते. जवळपास फ्लोराइड नसलेल्या काही शहरांत दर १०० मुलांमागे हजाराच्या आसपास दात किडलेले होते. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या जवळपास फ्लोराइड असलेल्या ठिकाणी तोच आकडा अडीचशेच्या आसपास होता. पण ठिपके सरळ रेषेत उतरत नव्हते. १ मिलिग्रॅमपर्यंत ते झपाट्याने खाली येत होते आणि त्यापुढे जवळजवळ सपाट होत होते. दातांवरचे डाग मात्र फ्लोराइडबरोबर वाढतच जात होते. पाणी तेच, पण एक आलेख उतरता आणि दुसरा चढता. दोन्ही शेजारी ठेवल्यावर १ मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा सोयीची ठरली : कीड कमी आणि डागही फारसे नाहीत.

नुसता सहसंबंधाचा आकडा पाहिला असता तर हे वळण दिसलेच नसते. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम यांनी चार छोटे आलेख तयार केले. चारही आलेखांचा सहसंबंध सारखाच, सुमारे ०.८२. पण एकात ठिपके रेषेभोवती, दुसऱ्यात कमानीसारखे, आणि उरलेल्या दोन्हींत एखाद्याच भलत्या ठिपक्याने सगळा हिशोब ओढून नेलेला. म्हणून आकडा वाचण्याआधी ठिपके पाहावेत.

सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे

मे महिन्यात यवतमाळात लिंबू सरबत जास्त खपते आणि उष्माघाताचे रुग्णही वाढतात. आलेख काढला तर ठिपके छान चढते दिसतील. म्हणून सरबताने उष्माघात होतो असे कोणी म्हणणार नाही. दोन्हींच्या मागे ऊन आहे. अशी मागे लपलेली तिसरी गोष्ट प्रत्येक सहसंबंधात शोधावी लागते.

मग फ्लोराइडलाच कारण का मानायचे? कारण पुरावा केवळ ठिपक्यांवर थांबला नाही. ओकलीत पाणी बदलले आणि डाग थांबले. दात घडत असताना फ्लोराइड पोटात गेले तरच डाग पडतात, हा क्रमही जुळला. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळले आणि पुढच्या वर्षांत तिथल्या मुलांची दातकीड बरीच घटली. एक बदलले की दुसरेही बदलते, हे तपासून पाहिल्यावरच सहसंबंधाला कारणाचा दर्जा मिळतो.

आपल्याकडे काय?

भारतात फ्लोराइडच्या आजाराची पहिली मोठी नोंद १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी तिथे दातांबरोबरच ताठरलेले मणके आणि आखडलेले सांधेही पाहिले. आज भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

पण अमेरिकेचा आलेख जसाच्या तसा विदर्भाला लावता येत नाही. उन्हात राबणारा माणूस जास्त पाणी पितो, म्हणजे तेच पाणी त्याला जास्त फ्लोराइड देते. गरम हवेत सुरक्षित मात्रा कमी धरावी लागते, हे अमेरिकेतच गॅलागन आणि व्हर्मिलियन यांनी १९५७ मध्ये सूत्रात मांडले होते. शिवाय आहारात कॅल्शियम कमी असेल तर हाडांना जास्त त्रास होतो.

आणखी एक सावधगिरी. डीन यांचा प्रत्येक ठिपका एका शहराचा होता, एका मुलाचा नव्हता. शहराच्या सरासरीवरून एका माणसाचे निदान करता येत नाही.

आता सुरुवातीचे दोन प्रश्न. मूल फ्लोराइडवाल्या गावात जन्मले, पहिली आठ-एक वर्षे तेच पाणी प्यायले, पुढचे पक्के दात दोन्ही बाजूंना सारखे डागाळलेले आहेत आणि वर्गातल्या इतर मुलांचेही तसेच आहे, तर कारण पाणी असण्याची शक्यता खूप मोठी. गुडघेदुखीचे तसे नाही. वयानुसार होणारी झीज, वजन, शेतातले वाकून-बसून केलेले काम, ड जीवनसत्त्वाची कमतरता, संधिवात, असे अनेक ठिपके एकाच जागी पडतात. फ्लोराइडच्या गावात राहणाऱ्याचे गुडघेही इतर कारणांनी दुखू शकतात. तिथे तपासणी, गरज पडल्यास क्ष-किरण फोटो आणि लघवीतील फ्लोराइडची चाचणी करूनच ठरवावे लागते. "पाण्यानेच झाले" म्हणून उपचार थांबवणे जितके चुकीचे, तितकेच "पाण्याचा काय संबंध" म्हणून तेच पाणी पीत राहणे चुकीचे.

एवढे जरूर करा

आपल्या बोअरचे पाणी शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. शेजारच्या विहिरीचा निकाल आपल्या बोअरला लावू नका, कारण दोन स्रोतांत मोठा फरक असू शकतो. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. साधे कापडी गाळणे किंवा तुरटीचा खडा फिरवणेही पुरेसे नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी कमी फ्लोराइडचा स्रोत वापरा, विशेषतः लहान मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी. दूध, दही, ताक, नाचणी, तीळ, लिंबू, आवळा रोजच्या जेवणात ठेवा.

आणि उद्या मोबाईलवर "अमुक खाणाऱ्यांना तमुक आजार होतो" असे वाचाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. ठिपके किती आणि कोणाचे? मागे तिसरे काही लपले आहे का? आणि पहिली गोष्ट बदलल्यावर दुसरी खरोखर बदलली, हे कोणी पाहिले आहे का?